बुधवारचे बाळंतविडे

बिशप बदलले की बदल्यांची यादी निघते, हे पाळकाशी लग्न केलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. त्या वर्षी नवे बिशप आले आणि यादी चांगली लांबलचक निघाली. नामपूरच्या बाजूला एका खेड्यातल्या चर्चच्या मंडळीत आमचं छान बस्तान बसलेलं होतं, तिथून उचलून आम्हाला नाशिकला पाठवलं. आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते. मुलं दोन्ही मिशनच्या वसतिगृहात होती, त्यामुळे ट्रकमध्ये सामान भरलं तेव्हा सामानच जास्त आणि माणसं दोनच होती.

नाशिकातली आमची ल्युथरन मंडळी अगदी लहान. मास्तर, कारकून, प्रेसमध्ये कामाला जाणारे, अशी मोजकी घरं. छोटंसं चर्च, त्याच्या मागे पाळकाचं तीन खोल्यांचं घर आणि घराला पुढे लांब ओटा. या ओट्यावर दर बुधवारी दुपारी बायका जमायच्या आणि बाळंतविडे शिवायच्या. पेठ, सुरगाण्याकडच्या बायका अडल्या की त्यांना सरकारी दवाखान्यात आणायचे. येताना अंगावरच्या लुगड्याखेरीज काही नसायचं, आणि मूल झालं की ते त्याच लुगड्याच्या पदरात गुंडाळायचं. म्हणून आमची मंडळी प्रत्येक बाळासाठी एक झबलं, एक टोपडं, दोन लंगोट आणि जुन्या मऊ साडीचं दुपटं असा विडा बांधून वॉर्डात पोचवायची. हे काम सुरू केलं होतं आमच्या आधीच्या पाळकीणबाईंनी. त्यांना सगळ्या जणी मोठ्या बाई म्हणायच्या. मी आल्या दिवसापासून नव्या बाई झाले, आणि ते घर सोडेपर्यंत नवीच राहिले.

मोठ्या बाईंचे पाळकसाहेब त्याच यादीत निवृत्त झाले होते. मुलाचं घर मुंबईत, एका खोलीचं. तेव्हा दोघं म्हातारी नाशकातच राहिली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या दोन खोल्यांत. चर्चची घंटा त्यांच्या घरात ऐकू जायची. पण आमच्यात एक रीत आहे. जुन्या पाळकाने आणि त्याच्या घरच्यांनी वर्षभर आपल्या जुन्या मंडळीत पाऊल टाकायचं नाही. उपासनेला नाही, कुणाच्या घरी नाही, बारशाला की लग्नाला नाही. मंडळीला नव्या पाळकाची सवय व्हावी म्हणून. वर्ष संपलं की नव्या पाळकाच्या घरातून बोलावणं जातं, आणि मग जुनी माणसं साधी सभासद म्हणून परत येतात. बोलावणं गेल्याशिवाय मात्र नाही.

किल्ल्या द्यायला मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या. कुठली खिडकी पावसात फुगते, नळ किती वाजता येतो, सगळं सांगितलं. शेवटी वर्तमानपत्राच्या कागदांची एक गुंडाळी पुढे केली. "ही झबल्यांची मापं," म्हणाल्या. मी नामपूरला शिवणाचा वर्ग केलेला. आपल्याला कुणी झबलं शिकवावं याचा मला राग आला. राहू द्या, माझ्याकडे माझी मापं आहेत, असं मी म्हटलं. त्यांनी गुंडाळीला पुन्हा दोरा बांधला, पिशवीत ठेवली आणि सलाम करून गेल्या.

मी तोंडाची फटकळ, हे मला मान्य आहे. पण पहिल्या दोन महिन्यांत मी जे ऐकलं ते दुसऱ्या कुणी ऐकून दाखवावं. मोठ्या बाई चहात आलं घालायच्या. मोठ्या बाई कामाला बसण्याआधी गीत म्हणायच्या. मोठ्या बाईंना प्रत्येक घरातल्या आजाऱ्याचं औषध पाठ होतं. मी बागलाणची, बोलता बोलता "आहे"च्या जागी "शे" तोंडून जायचं, की ओट्यावर दोघी तिघी एकमेकींकडे बघून हसू दाबायच्या. एका रविवारी कुणी तरी म्हणालं की मोठ्या बाईंना नाताळच्या कार्यक्रमाबद्दल विचारून घेऊ. त्या संध्याकाळी मी ह्यांच्यामागे लागले आणि पुढच्या रविवारी ह्यांनी बिशपांच्या पत्रातला वर्षभराचा नियम उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वाचायची काही गरज नव्हती. ती दोघं पहिल्या आठवड्यापासूनच दुसऱ्या मिशनच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसत होती. हट्ट सगळा माझा होता.

नियम वाचला आणि मंडळी गप्प झाली. मोठ्या बाईंचं नाव माझ्यासमोर पुन्हा कुणी काढलं नाही. त्याबरोबर बाकीच्या गप्पाही थांबल्या, हे माझ्या हिशेबात नव्हतं. बुधवारी बायका यायच्या, सलाम म्हणायच्या, खाली मान घालून शिवायच्या आणि उन्हं उतरली की घरी जायच्या.

झबली मी माझ्या मापाची कापली. पुढून उघडी, पोटावर तीन टिचबटणं. दिसायला फार सुबक. पंचवीसएक विडे झाले तेव्हा मी स्वतः रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. वॉर्डातल्या सिस्टरने एक झबलं उलगडून पाहिलं आणि गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला. नाळ पडलेली नसते, तिच्यावर बटण दाबलं जातं, म्हणाली. मागून उघडी हवीत, कापडी बंदांची, तुमच्याकडून नेहमी तशीच यायची. तिच्यामागच्या खाटेवर एक पोरगेलीशी बाई पदरात बाळ गुंडाळून बसली होती. तिची नजर माझ्या गठ्ठ्यावर होती. तिला निदान एक दुपटं काढून द्यावं, एवढंही मला सुचलं नाही. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि मला तिथून फक्त बाहेर पडायचं होतं.

ओट्यावरच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. दोन महिने त्या टिचबटणं लावत बसल्या आणि एकीने चकार शब्द काढला नाही. मी विचारलं तेव्हा त्यांतली वयस्क होती ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्याकडे तुमची मापं होती ना." म्हणजे ते वाक्यसुद्धा सगळ्या मंडळीत फिरलेलं होतं. मी सगळी बटणं उसवली. झबली उलटी करून मागे बंद लावले, पण गळे पुढून खोल कापलेले, ते आता मागे गेले आणि बाळांच्या पाठी उघड्या पडल्या.

त्यानंतर बुधवार ओसरायला लागला. कुणाची सासू आजारी, कुणाच्या मुलाची परीक्षा. सात जणींच्या चार झाल्या, चारांच्या दोन. हे सायकलवर मंडळीच्या भेटींना जायचे ते दिवेलागणीला परतायचे. दुपारभर घरात मी, शिवणयंत्र आणि भिंतीवरचं घड्याळ. एकदा मी ह्यांना म्हटलं, "माले आठे करमत नही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्याशी मी कधी अहिराणीत बोलत नसे. ह्यांनी ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

मोठ्या बाई कधी कधी भाजीबाजारात दिसायच्या. त्या थांबायच्या, सलाम म्हणायच्या, मुलं कशी आहेत विचारायच्या आणि निघायच्या. मंडळीबद्दल, बुधवारबद्दल एक शब्द नाही. मला ते तेव्हा ताठ्याचं वाटायचं. त्या नियम पाळत होत्या, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्याच मापांसाठी मी त्यांना बाजारातच विचारू शकले असते. जीभ रेटली नाही.

वर्ष संपलं. कापणीचा सण जवळ आला तेव्हा ह्यांनी आठवण केली, आता त्यांना बोलावलं पाहिजे. मी म्हटलं, सण होऊ दे, घाईत नको. मग नाताळ आला. मी म्हटलं, मुलं सुट्टीला येतील, घरात गडबड. मग उपवासकाळ, मग ईस्टर. ह्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. घरातून बोलावणं जायचं म्हणजे घरच्या बाईने जायचं, अशी रीत, आणि घरची बाई मी होते. त्या परत आल्या की ओटा पुन्हा त्यांचा होईल, ही भीती मला होती. आता लिहिताना हसू येतं. ओट्यावर तेव्हा उरलं होतं काय, की ज्याची मी राखण करत होते?

शेवटी एक बुधवार असा आला की कुणीच आलं नाही. मी चटया घातल्या होत्या, सुया ओवून ठेवल्या होत्या, आलं घालून चहाचं आधण ठेवलं होतं. चार वाजले. आधण आटून पातेल्याचं बूड करपलं. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

मोठ्या बाई दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी, तरी त्यांनी विचारलं, "कोण आहे?" मी पाळकीणबाई, असं म्हटलं, आणि ते म्हणताना मला माझीच लाज वाटली. त्यांनी आत बोलावलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. बाजारात त्या मला बऱ्याच दिवसांत दिसल्या नव्हत्या, आणि का दिसल्या नाहीत हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

मी काही बोलण्याआधी त्यांनी चाचपडत खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. ट्रंक बाळंतविड्यांनी काठोकाठ भरलेली होती. आम्ही आल्यापासून दर बुधवारी दुपारी, आमच्या ओट्यावर काम चाले त्याच वेळेला, त्या घरात एकट्या बसून एक विडा शिवत होत्या. दवाखान्यात स्वतः नेऊन दिले असते तर मंडळीच्या कामात फाटा फोडल्यासारखं झालं असतं, म्हणून साठवून ठेवले होते. तळातले टाके माशीच्या पायाएवढे बारीक. वरवर येता येता ते लांबत, वाकडे होत गेले होते, आणि सगळ्यात वरच्या झबल्याचा एक बंद बाहीला शिवलेला होता. मापांची गुंडाळीही तिथेच होती, त्याच दोऱ्याने बांधलेली.

मी रडले. माफी मागितली, सगळं सांगितलं, टिचबटणांपासून करपलेल्या पातेल्यापर्यंत. त्या ऐकत होत्या. मग मी म्हटलं की पुढच्या बुधवारी तुम्ही या, आम्ही सगळ्या जणी येतो न्यायला.

"आता टाका दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.

"टाके आम्ही घालू. तुम्ही नुसत्या बसा."

त्यांनी मापांची गुंडाळी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बसायलाच तर येत होते मी."

मी घरोघर जाऊन सांगून आले आणि पुढच्या बुधवारी ओटा भरला. मोठ्या बाईंना मधोमध खुर्ची दिली. त्या प्रत्येकीचा हात हातात घेऊन आवाजावरून ओळखत होत्या आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारत होत्या. मी त्यांच्या मापाने झबली कापली. असे तीनच बुधवार झाले. मग त्यांच्या मुलाला दूर कुठल्याशा कारखान्यात नोकरी लागली, मोठं क्वार्टर मिळालं आणि तो दोघांना घेऊन गेला. परत त्या नाशिकला आल्या नाहीत. वर्षभराची ताटातूट रीतीने केली होती, तिचं मला वाईट वाटत नाही. वरचे आठ महिने माझे होते. त्या आठ महिन्यांत त्यांना अजून थोडं दिसत होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा पुन्हा बिशप बदलले, यादी निघाली, आणि या वेळी निवृत्तीच्या रकान्यात आमचं नाव होतं. नव्या पाळकीणबाई तरुण आहेत, चुणचुणीत आहेत. मापांची गुंडाळी मी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती घेतली. आम्हीही नाशिकातच, चर्चजवळ भाड्याने राहतो. वर्ष होऊन गेलं, वर तीन महिने झाले. त्यांना हजार कामं असतील, मुलं लहान आहेत, मी काही मनावर घेतलेलं नाही. फक्त बुधवारी दुपारी मी कुठे बाहेर जात नाही.