सातव्या नंबरचा पिवळा स्पंज

गोंदियाच्या बाजारात खेमराजभाऊंचं रंगीत माशांचं दुकान आहे आणि त्या दुकानात एक समुद्र आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद. तो पोत्यातून आला : गाळलेल्या पाण्यात विरघळवलेलं खास मिठाचं पोतं. दगड तेवढे खऱ्या समुद्राचे, किनाऱ्यावरून पार्सलनं आलेले. गिऱ्हाईक बाकीच्या टाक्या सोडून नेमकं तिथंच थबकतं.

“भैया, इसमें मछली किधर है?”

“दोन आहेत. गोट्यामागं लपल्या.”

“तो ये पीला-पीला क्या है? नहाने वाला स्पंज? कितने का?”

हा संवाद रेणू हुबेहूब करून दाखवायची. गिऱ्हाइकाचा नाकातला आवाज, बापाचं सुस्त उत्तर, मधेच पाण्याच्या पंपाची बुडबुड, सगळं एकट्या तोंडानं. पुष्पाबाई पदर तोंडाशी धरून हसायच्या आणि खेमराजभाऊ म्हणायचे, “मी असा बोलतो का बे?” रेणू त्यांची एकुलती एक पोर. झूलॉजीची पदवी घेतली आणि ही टाकी हट्टानं लावून घेतली. दगडांना चिकटून जे जिवंत स्पंज आयते आले होते, ते तिला माशांपेक्षा प्यारे. माशांचं नाव कोणीही सांगतं, म्हणायची, यांचं विचारावं लागतं.

त्या विचारपुशीची तिची वही होती. नंबर, रंग, कोणत्या दगडावर, सुयांची तपासणी, नाव, शेरा. स्पंजाच्या अंगात सुया असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि त्या सुयांच्या आकारावरून त्याचं कुळ कळतं. रेणू चिमूटभर तुकडा कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकायची. मांस विरघळून जायचं, सुया तळाशी बसायच्या. मग त्या कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. पहिल्या नंबरापुढं तिनं लिहिलं होतं : ‘मोहफुलासारखा. व्हिनेगरमध्ये सुयांना बुडबुडे आले, म्हणजे चुन्याच्या. सायकॉन.’ असे सहा झाले. सातव्यापुढं ‘पिवळा, मागच्या दगडावर’ एवढंच. पोळ्याच्या आठवड्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दुखण्यानं तिला दवाखान्यात नेलं आणि परत आणली ती चादरीत. तेवीस वर्षांची होती.

खेमराजभाऊंनी तेरवी केली, दुकान उघडलं आणि वही उशाशी घेतली. त्यांना दुसरं काही नको होतं. सातव्याचं नाव लागलं पाहिजे, पोरीचं काम अर्धं राहायला नको.

रेणूची मैत्रीण दुर्गेश्वरी कॉलेजात एम.एस्सी. करत होती. तिला फोन लावला. ती म्हणाली, “काका, फोटो पाठवा. काचेतून काढला तं धूसर येते, साफ पाठवा.”

खेमराजभाऊंचं घराणं अर्जुनी मोरगावकडच्या तलावांवर जाळं टाकणारं. पाण्यातली वस्तू ओळखायची तर ती वर काढायची, तळहातावर घ्यायची, उजेडाकडं धरायची, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी बाही वर सारली, दगड उचलला, दारात आणला आणि ऊन पडेल असा फिरवून फिरवून चांगले अकरा फोटो काढले. मग दगड हळूच जागेवर ठेवला. फोटो झकास आले होते.

तिसऱ्या दिवशी पिवळ्यावर पांढरे ठिपके दिसले. दुर्गेश्वरीला फोन गेला.

तिनं आलेले फोटो पुन्हा बघितले. मग म्हणाली, “काका, पाण्याबाहेर काढला होता का जी?”

“फोटोसाठी. दोन मिन्टं.”

“त्याच्या आंगात बारीक नळ्या राहतात. हवा शिरली का निंगत नाई. जागीच सडते तो.”

“वहीत कुठी लिहिलं नाई तिनं.”

“तिले माहीत होतं काका. कायले लिहील?”

तेव्हा त्यांना आठवलं की रेणू तुकडा कापायची तो कोपरापर्यंत हात बुडवून, पाण्याखालीच, आणि बाटलीही पाण्याखालीच भरायची. ते तिला चिडवायचे, “हात भिजवाची लय हौस आहे तुले.”

पाचव्या दिवशी वास सुटला.

“टाकी घानावून राहिली जी,” पुष्पाबाई म्हणाल्या. “तो गोटा काढा. बाकीचे सहाबी मरतीन.”

“दोन दिस थांब. नाव लागू दे.”

पुष्पाबाईंनी फडकं खाली ठेवलं. “पोरीच्या दुखन्याचं नाव ती सात वर्षाची होती तवापासून माहीत होतं आपल्याले. कार्डावर लिहून होतं. का झालं नावानं?”

खेमराजभाऊ टाकीशी गेले. बाही सारली, हात कोपरापर्यंत बुडवला आणि पाण्याखालीच दोन तुकडे कापून बाटलीत घेतले. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी तसेच घेतले. मग दगड काढून बादलीत ठेवला.

कॉलेजात दुर्गेश्वरीनं एक तुकडा ब्लीचमध्ये टाकला. तो विरघळत गेला, गेला, आणि नळीत काहीच उरलं नाही. तिनं तळ बघितला, हलवून बघितला.

“सुयाच नाईत याले,” ती म्हणाली आणि दुसरा तुकडा सुईनं उकलून काचेवर पसरला. “पाहा काका.”

खेमराजभाऊंनी डोळा लावला. थोडा वेळ स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं.

“हे तं जाळं होय,” ते म्हणाले. बघत राहिले. “गाठ नाई मारली कुठी. तरी धरून आहे.”

“धाग्यांच्या गटातला आहे. त्याच्या पुढचं नाव...” दुर्गेश्वरीनं काच उचलून पुन्हा ठेवली. “सडलेल्यातून नाई निंगत काका. चांगला असता तं पाहिलं असतं.”

“माह्यानं झालं.”

“मी सांगाले पाहिजे होतं जी.”

“तू पोर आहेस,” ते म्हणाले आणि बाटली धुवायला नळाशी गेले. बराच वेळ धूत राहिले.

दुकानात येऊन त्यांनी वही उघडली. सुया : नाहीत. धागे, जाळ्यासारखे. नावाच्या रकान्यात ‘धाग्यांचा गट’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली. शेऱ्यात लिहिलं, ‘फोटोसाठी मी पाण्याबाहेर काढला. त्यानं मेला. रेणूची चूक नाही.’

पुष्पाबाईंनी वही ओढून घेतली. त्यांनी वाचलं नाही, बोट ठेवलं. रेणूच्या गोल अक्षरांवरून ते सरकत सरकत ‘पिवळा’ या शब्दापर्यंत आलं, ‘दगडावर’पर्यंत आलं. पुढं खेमराजभाऊंची वाकडी अक्षरं होती. बोट तिथंच थांबलं, आणि त्यांनी ते पुष्कळ वेळ उचललं नाही.