नेपल्सहून आणलेल्या पायऱ्या

झेनोननं ती लाल फरशी बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एक किलो आठशे. मग ती बादलीत बुडवली, दुसऱ्या दिवशी काढली, पुसली, पुन्हा तोलली. काटा दोन किलोच्या पुढे गेला.

"पावशेरभर पाणी प्यायली ही, ताई. बाहेर लावायची फरशी दहा ग्रॅमसुद्धा पीत नाही."

"लांबून आलीये. तहानलेली असेल बिचारी," ब्रोन्या म्हणाली.

तिच्याशी वाद घालणं सोपं नव्हतं. चौदा वर्षं तिनं नेपल्सजवळच्या एका गावात एका म्हातारीची सेवा केली होती. रोज संध्याकाळी त्या दोघी ज्या उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर बसायच्या, त्यांना होत्या तशाच हातानं थापलेल्या फरश्या ब्रोन्यानं सुट्टीला येताना बसमधून चार-चार करून घरी आणल्या होत्या. आता कायमचं गावी परतल्यावर आपल्याही दारात तशाच पायऱ्या हव्यात, एवढीच तिची हौस. आणि भाऊ फरशी बसवणारा, उत्तरेकडच्या थंड सुवाल्कीच्या पंचक्रोशीत तीस वर्षं नावाजलेला.

"आत लावू. चुलीपाशी शोभतील," तो म्हणाला. "दारात नको. पाणी आत शिरतं, गोठून फुगतं, वितळलं की आणखी शिरतं. पाचर ठोकल्यासारखं आहे ते."

"चुलीपाशी कोण बघणार? मांजर?"

शेवटी त्यानं एक फरशी तिच्याच फ्रीझरमध्ये, मशरूमच्या पिशव्यांखाली ठेवली. गोठवायची, भिजवायची, पुन्हा गोठवायची. असं अठरा वेळा केलं. फरशीला केसाएवढीही चीर गेली नाही.

"आता बोल!" ब्रोन्या म्हणाली.

कारखान्यात हे शंभर वेळा करतात, हे झेनोनला ठाऊक होतं. पण बहिणीचा उजळलेला चेहरा पाहून तो गप्प बसला. सप्टेंबरात त्यानं पायऱ्या बसवल्या. उतार चोख दिला, खाली पाणी अडवणारा थर दिला, हातचं काही राखलं नाही. काम सुरेख झालं. शेजारणी बघून गेल्या. त्याच्या मनात मात्र पाल चुकचुकत राहिली.

कडाक्याच्या थंडीची त्याला भीती नव्हती. एकदा गोठलं की मार्चपर्यंत सगळं निपचित पडून राहतं. पण त्या वर्षी हिवाळ्याला धड येववेना, धड जाववेना. पहाटे बर्फ, दुपारी छपरावरून धारा, अंधार पडताच पुन्हा बर्फ. नोव्हेंबर असा गेला, डिसेंबरही. झेनोन रोज सकाळी थर्मामीटर बघायचा आणि मनात गोठण्या-वितळण्याचा आकडा वाढवायचा. चाळीस. पंचेचाळीस.

नाताळात त्यानं पायरीवर बोटाचं पेर वाजवलं. खणखणीत आवाज यायला हवा होता. आला तो पोकळ, भोपळ्यासारखा. बर्फावर लाल भुकटी सांडली होती. घरात गेला तर ब्रोन्याचे ओले बूट मागच्या दाराशी.

"ताई, तू पुढच्या दारानं जात नाहीस?"

"मागून जवळ पडतं."

कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून जवळ? कोपऱ्यातल्या डब्यात त्याला झाडून भरलेल्या लाल खपल्या दिसल्या.

जानेवारीत फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला निघाले. झेनोन म्हणाला, "त्यांना मागून आण."

"फादरना कोंबड्यांमधून आणू? लोक काय म्हणतील?"

"मग निदान आजच्या दिवस फळ्या टाकू दे."

"माझ्या पायऱ्यांवर फळ्या? मुळीच नाही."

फादर आले तेव्हा झेनोननं त्यांचा दंड धरून त्यांना वर चढवलं. घरात पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. पुन्हा दंड धरून त्यानं त्यांना उतरवलं, फाटकापर्यंत सोडलं. सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मागून ब्रोन्या लगबगीनं बाहेर आली. "फादर, केक राहिला तुमचा!" तिनं वरच्या पायरीच्या कडेवर पाय टाकला. जखमेवरची खपली निघावी तसा फरशीचा वरचा थर सरकला. केकचं पुडकं आधी खाली आलं, मग ती.

खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने ती सुवाल्कीच्या दवाखान्यात आणि मग मुलीकडे होती. झेनोन दर रविवारी जायचा.

"तुझा दोष नाही," ती एकदा म्हणाली. "तू सांगितलं होतंस."

"सांगितलं, आणि मग माझ्याच हातानं लावल्या," तो म्हणाला.

जूनमध्ये त्यानं एकट्यानं सगळं फोडून काढलं. त्या जागी करड्या रंगाची, खरखरीत, पाणी न पिणारी फरशी बसवली, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे.

पुढच्या नोव्हेंबरात ब्रोन्या काठी टेकत दारात आली. रात्री गोठलं होतं, आता छपरावरून ठिबकत होतं. झेनोन दोन्ही हात पसरून खालच्या पायरीशी उभा राहिला.

"बाजूला हो," ती खेकसली. "पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही मला."

तो बाजूला झाला. ती एकेक पायरी उतरली, फाटकापर्यंत जाऊन आली. तोवर त्यानं तिच्या पायांवरून नजर हलवली नाही.