इतर राज्यांतील वाचकांसाठी

आमच्या आप्पांनी एक शब्द जन्मात तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं. शिवी नव्हे, शिव्या ते सढळ हातानं देत. तो शब्द होता ‘कर्नाटक’.

आप्पा म्हणजे रवळू, माझे सासरे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे भरण्यात त्यांची उमर गेली. शहाऐंशी साली कन्नडसक्तीच्या विरोधात सगळा सीमाभाग पेटला तेव्हा ते विशीत होते. पाठीवर लाठ्या घेतल्या, हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आले, आणि तेव्हापासून पत्ता सांगायची वेळ आली की ‘उचगाव, बेळगाव’ म्हणून गप्प. लिहायची वेळ आली तर खाली ठासून ‘महाराष्ट्र’. माझ्या लग्नपत्रिकेवरही तसंच छापलं होतं. मीही त्याच भागातल्या निपाणीची, त्यामुळं माहेरी कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट माझ्या वडिलांनी ती पत्रिका चारचौघांना दाखवून ‘पाव्हणं कट्टर हाईत’ म्हणून मिरवलं. पुढं बँकेत, ऑफिसात कुणी राज्य विचारलं की आप्पा छताकडं बघत आणि मागून मी हळूच सांगे. बाणा ह्यांचा आणि बाटायचं मी. मला राग यायचा, पण त्यांच्या पाठीवरचा व्रण मी डोळ्यांनी बघितला होता, म्हणून गिळायची.

आणि ह्याच माणसाची नात, माझी सौम्या, इंग्रजी शाळेत. तिला तिथं मी आणि माझ्या नवऱ्यानं, युवराजनं, घातलं. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या पुढाऱ्यांच्या मागं आप्पा घसा फोडत गेले, त्यांची नातवंडं सकाळी सौम्याच्याच स्कूलबसमध्ये चढतात. ती बस मी रोज बघते, मला कुणी शिकवू नये. शाळेत पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी, तीही नुकतीच सुरू झालेली. मराठी घरात बोलायची. बोलते फर्डी, पण वाचायला दिलं की एकेका अक्षराला ठेचकाळते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आप्पा मला कधी टाकून बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “दिपाली, माझी नात माझ्या भाषेत वाचणार न्हाय, तर मी मार कशापायी खाल्ला गं?”

मी भाजी परतत राहिले.

त्यांनी आपल्या परीनं सगळं करून बघितलं. पेपर वाचायला बसवलं, पोवाडे ऐकवले. पोरगी जांभया देई. तिला वेड रोबोटचं. तुटक्या खेळण्यांतल्या मोटारी काढून सगळं घर वायरींनी भरून ठेवायची. मग एक दिवस आप्पा गावातल्या वाचनालयातून एक जुना अंक घेऊन आले. ‘दातेचक्र’ नावाचं पुण्याचं मासिक. एका पानावर घंटा ओतणाऱ्या कारागिरांची गोष्ट, तर दुसऱ्या पानावर ऊस लावणारं यंत्र. तंत्रज्ञान आणि संस्कृती अशी जोडगोळी. सौम्यानं त्यातलं रोबोटचं चित्र बघितलं आणि आपणहून, बोट ठेवून, मथळा वाचला. ‘तु-म-चा प-हि-ला यं-त्र-मा-न-व.’ मग विचारलं, “आज्जा, ह्याचा पुढचा अंक कुठं मिळतो?”

आप्पांचा चेहरा मी तेव्हा बघितला. तुरुंगातून सुटल्यावरसुद्धा तसा नसेल झाला.

त्याच संध्याकाळी मला फोन उघडायला लावला. वर्गणीच्या योजना तीन होत्या. फक्त ऑनलाइन, फक्त छापील आणि दोन्ही मिळून. मी आपलं व्यवहाराचं बोलले. “आप्पा, ऑनलाइन घेऊ. स्वस्त आहे, ईमेलशिवाय काही विचारत नाहीत, लगेच सुरू होतं.”

“फोन नगो. फोनात ती आदीच गळ्यापातूर बुडालीया. कागद पायजे. हातात धरून वाचंल, उशाला घिऊन निजंल.”

ठीक. छापील दाबलं. तर त्यात पुन्हा तीन पोटभाग. महाराष्ट्रातील वाचकांसाठी, इतर राज्यांतील वाचकांसाठी, परदेशातील वाचकांसाठी. मी आप्पांकडं न बघताच बोट पुढं नेलं, पण त्यांनी मनगट धरलं.

“महाराष्ट्र.”

“अहो आप्पा...”

“महाराष्ट्र दाब म्हंतो न्हवं.”

दाबलं. नाव घातलं, गाव घातलं, पिनकोड घातला. पिनकोडचा शेवटचा आकडा पडायचा अवकाश, खालच्या चौकोनात आपोआप ‘कर्नाटक’ उमटलं आणि वर लाल अक्षरं आली की हा पत्ता निवडलेल्या योजनेत बसत नाही.

“खोड ते,” आप्पा म्हणाले.

“खोडता येत नाही. पिनकोडावरनं तेच भरतात.”

त्यांनी स्वतःच त्या चौकोनावर बोट घासून बघितलं. दिल्लीच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून असलेला निकाल त्या मेल्या चौकोनानं पापणी लवायच्या आत देऊन टाकला होता. टपालाचे चार पैसे जास्त पडत होते, त्याचं त्यांना काही नव्हतं. पुण्यातल्या मराठी माणसांनी त्यांना ‘इतर’ म्हटलं होतं, ते सोसत नव्हतं. मला पुणेकरांचा संताप आला आणि आप्पांचाही आला. एका मासिकापायी केवढं हे!

शेवटी आप्पांनी आमच्या भागातली जुनी युक्ती काढली. हद्दीपलीकडचं गाव आमच्यापासून मोटारसायकलवर घटकाभराच्या अंतरावर. तिथं त्यांच्या बहिणीचा मुलगा मष्णू ह्याचं खिळे, पत्रे, पाइपांचं दुकान. पत्ता मष्णूच्या दुकानाचा दिला. चौकोनात ‘महाराष्ट्र’ उमटलं, लाल अक्षरं गेली. घर कर्नाटकात, मासिक महाराष्ट्रात आणि वाचणारी इंग्रजी शाळेत! आप्पा मात्र लढाई जिंकल्यासारखे चहा मागत होते.

खोटं कशाला बोलू, पहिल्या अंकानं जादू केली. आप्पा मष्णूच्या दारात ठाण मांडून पोस्टमनच्या हातूनच तो घेऊन आले. जेवणं उरकून दोघं उंबऱ्यात बसली. टाकाऊ सामानातून छोटा रोबोट करायची लेखमाला त्यात सुरू झाली होती. सौम्या वाचायची, अडली की आप्पा सांगायचे, आणि ‘तरफ’ म्हणजे काय ते त्यांनी उलथण्यानं डबा उघडून दाखवलं. आठवडा गेला, पण पोरीनं अख्खा लेख संपवला. रोबोटचं धड झालं, चाकं झाली. हाताची कृती पुढच्या अंकात होती. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, आणि ज्या गोष्टीवर मी पाणी सोडलं होतं ती होईल असं मलाही वाटायला लागलं होतं.

पुढचा अंक यायच्या सुमाराला आप्पा न्हाणीत घसरले आणि गुडघ्याला प्लास्टर बसलं. मष्णूला फोन केला तर म्हणे, “न्हाय आला, मामा.” पुन्हा केला. “बघतो, मामा.” युवराज रोज म्हणायचा, रविवारी जातो. त्याचे रविवार तुम्हाला काय सांगू, घरोघरी मातीच्याच चुली. सौम्या आधी रोज विचारायची, “आज्जा, हाताचं कधी येणार?” मग दोन-दोन दिवसांनी विचारायला लागली. मग विचारायची थांबली.

मीच एका रविवारी स्कूटी काढून गेले. मष्णू गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होता. खिळे पुडीत बांधले, आणि पुडीवर रोबोटचा हात होता.

मी ओरडलेच. “मष्णू, अरे, हे काय केलंस?”

“काय, वैनी?” तो खरोखर गोंधळला होता. “ह्ये व्हय? मला वाटलं कंपनीचं जाहिरातीचं पुस्तक असंल. मामांचं नाव बारीक अक्षरात, दुकानाचं मोठ्या. पाइपकंपन्या पाठवत्यात तसलं. कागूद बरा हाय, खिळा भाईर येत न्हाय.”

“आणि आप्पांनी फोन केला तेव्हा?”

“मामा मासिक म्हनलं. मी मासिक हुडकत हुतो.”

बाकीची पानं कुठल्या कुठल्या गावांत पसरली होती. गिऱ्हाइकाच्या हातातली ती पुडी सोडवून मी ते पान तेवढं घरी आणलं. त्याला खिळ्यांनी भोकं पडली होती.

सौम्यानं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि समजूतदारपणे आप्पांच्या हातात दिलं. “आज्जा, असू दे. मी यूट्यूबवर बघून केला हात. इंग्लिशमध्ये लई व्हिडिओ हाईत.” आणि खरंच आतून रोबोट घेऊन आली. तो हात हलवत होता.

आप्पा म्हणाले, “झ्याक झालाय.” मग पान मांडीवर ठेवून हातानं सपाट करत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मासिकाच्या ऑफिसचा नंबर लावायला सांगितला. फोनचा आवाज मोठा करून मी त्यांच्या हातात दिला. पलीकडं कुणी तरुण मुलगी होती, आवाज गोड.

“पत्ता बदलायचा हाय,” आप्पा म्हणाले.

“सांगा ना काका.”

नाव सांगितलं. उचगाव सांगितलं. बेळगाव सांगितलं.

“राज्य?”

आप्पांनी छताकडं बघितलं. मी सवयीनं तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“कर्नाटक,” ते म्हणाले.

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं. ज्या शब्दासाठी पोलिसांच्या काठ्या कमी पडल्या, तो एका पोरीच्या वाचनासाठी मुकाट बाहेर आला होता.

पलीकडची मुलगी मात्र खूश. “अय्या, कर्नाटकात राहूनसुद्धा किती छान मराठी बोलता हो काका! कुठं शिकलात?”

त्या बयेला तिथल्या तिथं चार ऐकवावीत असं मला झालं. फोन घ्यायला मी हात पुढं केला. आप्पांनी दिला नाही.

“शिकलो की, हळूहळू,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोटात जड झालंय म्हणाले, आणि मीही ते खरं मानल्यासारखं केलं.

पुढचा अंक सरळ घरी आला. वेष्टनावर आप्पांचं नाव, उचगाव, बेळगाव, कर्नाटक. त्यांनी वेष्टन स्वतः फाडलं, चुलीत घातलं आणि अंक सौम्याच्या हातात दिला. ती आनंदानं आतल्या खोलीत पळाली. थोड्या वेळानं ओरडतच बाहेर आली.

“आज्जा, सगळा वाचला! लई भारी हाय. ह्यात तुमच्या फौंड्रीसारखी वाळूच्या साच्यांची माहिती हाय. आता तिथं रोबोट साचे भरतात म्हणे!”

आप्पा काठी टेकत उठलेच. “सगळा? इतक्यात? कसा वाचलीस गं, बाळ?”

“सोप्पं हाय. दाखवतो.” आमच्याकडं मुलीही असंच बोलतात. तिनं अंक त्यांच्यापुढं धरला आणि त्याच्यावर माझा फोन धरला. कॅमेऱ्यात पान आलं. मराठी अक्षरं क्षणभर थरथरली आणि त्यांच्या जागी ओळीच्या ओळी इंग्रजी झाल्या. “बघा! आता अडत न्हाय. तुम्हाला विचारायला पण लागत न्हाय.”

तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. आज्जाचा त्रास वाचवला म्हणून ती खूश होती. आप्पांनी फोन हातात घेतला, पानावरून इकडून तिकडं फिरवला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “हुशार हाईस.”

पुढचे अंक येत राहिले. सौम्या वाचत राहिली, तसेच, फोन धरून. उंबऱ्यात बसायला कुणी आलं नाही. वर्ष सरत आलं तसा माझ्या फोनवर निरोप आला, वर्गणी संपते आहे, कृपया योजना निवडा. मी आप्पांना वाचून दाखवला. ते खाटेवर पडून होते.

“कुठली घ्यायची, आप्पा?” मी विचारलं.

“ती फोनातली घे,” ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. “तिला राज्य लागत न्हाय न्हवं?”

“नाही लागत,” मी म्हणाले, आणि ती निवडली.