गच्चीवरचा सुतार पक्षी

"अहो भाऊ, पळा! सुतार आलाय, सुतार!"

समोरच्या इमारतीतले काका उस्मानपुऱ्यात ओरडले की पार लांबच्या छावणीतले जवान सावधानमध्ये उभे राहत असतील. मी तोंडावरचा साबण तसाच ठेवून, कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांची गच्ची गाठली. वाळक्या कडुलिंबावर पांढऱ्या मानेचा सुतार पक्षी बसला होता म्हणे. आमच्या भागात तो सहसा दिसत नाही, आणि मला त्याचा एक तरी फोटो हवा होता. पण मी पोचेस्तोवर तो कन्नडचा घाट उतरून चाळीसगावात नाश्त्याला बसला असावा.

महिनाभर हेच चाललंय. घरात काका एकटेच. उजाडल्यापासून गच्चीत अनवाणी दबा धरून बसतात, खोकला आला तर तोंडावर उशी दाबतात. गल्लीतल्या मांजरांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. आणि एवढं करून पक्षी दिसला की बोंब मारतात.

"काका, ओरडू नका, मिसकॉल द्या," मी शंभरदा सांगितलं.

"व्हय की. ध्यानातच राहत नाय," म्हणत ते कान पकडतात.

आजही पक्षी उडाल्यावर आम्ही चहाला त्यांच्या स्वयंपाकघरात आलो. ओट्यावरच्या त्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला, मी उचलून द्यायला गेलो, तर पडद्यावर वॉलपेपर म्हणून तोच सुतार. मानेवरचं पीस न् पीस मोजून घ्यावं इतका स्पष्ट.

"काका, फोटो तर तुम्ही कधीच काढलाय. मग मला रोज कशाला पळवता?"

काकांनी गॅसवर पातेलं ठेवलं.

"एकट्यापुरता चहा नीट होत नाय," ते म्हणाले.