आत्याचं पिस्तूल

पिस्तूल घ्यायला गेलं की दुकानदार आधी गिऱ्हाइकाचा हात बघतो, हे मला त्या दिवशी कळलं. अकोल्याच्या दुकानातल्या काकांनी माझा उजवा हात काउंटरवर ठेवायला लावला आणि बांगड्या भरणाऱ्या कासारासारखा उलटसुलट करून पाहिला.

"पंजा छोटा है आपका," ते म्हणाले. "मंग काय दाखवू? रिव्हॉल्व्हर का पिस्तूल?"

"जे चांगलं असंन ते द्या," नवरा म्हणाला. मिक्सर घेतानाही तो हेच म्हणाला होता.

खरं तर ही खरेदी आमच्या अमरावतीतही झाली असती. पण तिथं कोणी ओळखीचं पाहील म्हणून नवऱ्यानं सकाळीच गाडी काढली आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत मला अकोल्याला आणलं. ज्याला धाक दाखवायला हत्यार घ्यायचं तो एक माणूस सोडून बाकी सगळ्या जगाला आम्ही घाबरत होतो.

तो एक माणूस म्हणजे माझा चुलतभाऊ. सख्खा भाऊ मला नाही. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, माझ्याच कडेवर वाढलेला. त्याच्या बारशाला मी घरभर नाचत होते म्हणे. पाळण्यावर वाकून आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात, ती आमच्याकडची मोठी मौज. तेव्हा मी आमच्या आत्याच्या पाठीत असा काही गुद्दा हाणला होता की पुढं जन्मभर ती मला पाहिलं की पाठ चोळायची.

परतवाड्याच्या पुढं आमचं गाव. वडिलांचा आणि काकांचा संत्र्याचा बगीचा एकाला एक लागून, मध्ये फक्त धुरा. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि वऱ्हाडात जितकी भावकी धुऱ्यानं तोडली तितकी कोणत्या बाईनंही तोडली नसेल, जरी नाव बायांचंच घेतात. वडील गेले, वावर माझ्या नावावर झालं. काका गेल्यावर दोन्ही बगीचे भाऊच पाहायचा. मी मोजणी आणली तर धुरा झाडांच्या दोन ओळी माझ्याकडे सरकलेला निघाला. कधी सरकला, कोणी सरकवला, देव जाणे. मी म्हटलं, दोन ओळी परत दे. तो गवत कापत होता, हातात विळा होता. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, धुऱ्याच्या अलीकडं पाय ठेवशीन नं, तर ते पाय घरी घेऊन जाणार नाईस."

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? ज्याचा शेंबूड पुसला त्याला घाबरायची फार लाज वाटते. घरी येऊन रडले, मग संतापले. नवऱ्याचा एक वकील मित्र आहे. त्यानं दोन ओळींसाठी कोर्टात दावा लावला आणि पोलिसांत तक्रार द्यायला लावली. तक्रारीत विळा आला, गवत आलं नाही. मग तोच म्हणाला, "वैनी, आता परवान्याचा अर्ज करून टाका. वावरात एकट्या जाता तुमी." त्या संतापात मी हो म्हणून बसले.

परवाना काही मागितला आणि मिळाला असं होत नाही. चौकशीला पोलीस गावात गेले, आजूबाजूच्यांना विचारलं, आणि आजूबाजूचा म्हणजे कोण? भाऊच. बहीण तुमच्यापासून जीव वाचवायला पिस्तूल मागते आहे, हे माझ्या भावाला त्याच्याच ओट्यावर बसून पोलिसानं सांगितलं. त्यानं काय उत्तर दिलं मला माहीत नाही. भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही.

हत्यार हाताळायचं शिकावं लागतं, म्हणून मी अमरावतीतल्या एका रेंजवर जाऊ लागले. तिथं मात्र मला मजा आली. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवली होती, तो हात इतक्या वर्षांनी जागा झाला. शिकवणारे सर ओरडायचे, "कागद पाहू नका! बंदुकीच्या टोकावरचा माशीचा दाणा पाहा, कागद धूसरच दिसला पाहिजे." ते धूसर मला आवडायचं. स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, वावर, वकील, सगळं तेवढ्यापुरतं धूसर व्हायचं. छिद्रं मधोमध पडली की मी शाळकरी पोरीसारखी कागद घडी करून घरी न्यायची. त्या कागदावर भावाचं तोंड कधी दिसलं नाही. तिथवरच थांबले असते तर किती बरं झालं असतं!

मग काकूचा फोन आला. भावाच्या लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेली होती. दवाखाने झाले, नवस झाले, आणि आता मुलगी झाली. काकू फोनवरच रडत होती. "पोरी, झालं गेलं गंगेले मियालं म्हण. तुयाशिवाय आत्या नाई व तिले दुसरी. आत्याबिगर पाळणा कसा हालवाव आमी? नाव बी तूच सांग."

"त्यानं सांगितलं का बोलवायला?" मी विचारलं.

काकू म्हणाली, "पाळणा बांधून राहिला तो."

मी वकिलाला फोन केला. तो खेकसलाच. "आता गोडीगुलाबी करू नका वैनी! परवाना हातात आला, पण हत्यार अजून घेतलं नाही. मुदत संपत आली. तिकडं पेढे खाऊन आल्या आणि उद्या कोणी म्हटलं की आता कायचा धोका, तर? तक्रार खोटी होती म्हणतीन. उलट तुमच्यावरच येईन."

म्हणजे पिस्तूल हवं तर वैर जिवंत ठेवा. आणि पिस्तूल नको म्हणावं, तर तक्रारीचं काय करायचं? दोन ओळींचा दावा तर चालूच होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रागात दार लावून घेतलं होतं आणि कडी बाहेरून लागली होती. नवऱ्याला म्हटलं, "मले नको ते पिस्तूल." तो म्हणाला, "आता? इतके उंबरे झिजवल्यावर? लोक हसतीन." मग दुकानातून माल आल्याचा फोन आला, आणि नेमका बारशाचा दिवस ठरला खरेदीला. नवऱ्यानं तो मुद्दाम ठरवला असावा, असं मला अजून वाटतं.

तर दुकानातल्या काकांनी आधी रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं. "यात विसरायसारखं काही नाही. घोडा ओढला का काम झालं. गोळ्या आहेत का नाहीत तेबी दिसते." मला ते आवडलं. जे आहे ते उघडं, लपवाछपवी नाही. पण रिकाम्याचा घोडा ओढायला गेले तर तो इतका जड की टोकच खाली गेलं. मग पिस्तूल. त्याची वरची पट्टी मागं ओढताना मला लोणच्याच्या घट्ट बरणीची आठवण झाली. काकांनी युक्ती दाखवली, एका हातानं ओढायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं पुढं ढकलायचं. जमलं.

"रेंजवर कसं आहे," काका चहा ओतत म्हणाले, "तिथं निशाणा लागते. घरात निशाणा नाही लागत. इथून त्या दारापर्यंतची गोष्ट असते. समोरचा माणूस साफ दिसते. तवा मले सांगा, कोणापासून बचाव आहे? जनावर, चोर, का..."

मी चहाचा कप उचलला. नवऱ्यानंही उचलला. काकांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

"रिव्हॉल्व्हर फुगीर आहे," नवरा म्हणाला. "पर्समध्ये दिसंन. पिस्तूल चपटं बसते." असं माझं पहिलं हत्यार निवडलं गेलं. हात माझा, पंजा माझा, आणि निवड पर्सची.

कागद झाले. काकांनी गोळ्या वेगळ्या बांधून दिल्या, रिकामं पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि एकदम मास्तर झाले. "आता ऐका. परवाना तुमच्या नावावर आहे. साहेबांच्या हातात द्यायचं नाही. गाडीत सोडायचं नाही. खुंटीले टांगायचं नाही. एक तर तुमच्यापाशी, नाही तर कुलपात. इसको छोडके आप कहीं नहीं जा सकते."

बाहेर आलो तर पर्सचा पट्टा खांद्यात रुतत होता. जठारपेठेत नवऱ्यानं चहासाठी गाडी थांबवली. समोर लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. मी चहा टाकून तिकडे गेले आणि पिवळं झबलं-टोपडं घेतलं. आत्यानंच न्यायचं असतं ते. ते पर्समध्ये ठेवताना हात पिस्तुलाला लागला आणि मला दुकानातच रडू फुटलं. दुकानातली बाई म्हणाली, "घरी लेकरू झालं का? होते असं."

गाडीत बसून मी म्हटलं, "अकोटवरून घ्या."

"म्हणजे?"

"अकोट, अंजनगाव, परतवाडा. मी बारशाला जाऊन राहिली."

"येडी झाली का? अन् पर्समधलं?"

"तुमच्याजवळ देता येत असंन तर द्या सांगून."

त्याला ते देता येत नव्हतं. गाडीत सोडता येत नव्हतं. अमरावतीला जाऊन कुलपात ठेवून परत यायचं, तर तोवर बारसं आटोपलं असतं. "मंग जाऊच नको," तो म्हणाला. मी टोपडं मांडीवर काढून ठेवलं. अकोटचा फाटा आला तेव्हा त्यानं गाडी मुकाट वळवली.

भावाच्या अंगणात चपलांचा ढीग होता. नवरा गाडीतच बसला. मला पाहून बायांची कुजबूज थांबली, आणि मग जास्तच जोरात सुरू झाली. काकूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. भावजय पाटावर बसली होती. ती जाड झाली होती, छान दिसत होती. पाळणा शेवंतीनं मढवला होता. दोऱ्या घट्ट, गाठी नीट, ते त्याचंच काम. लहानपणी झोका बांधायला मीच त्याला शिकवलं होतं.

तो घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आतून आला आणि दारातच थबकला. आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पर्सकडे.

"आली?" तो म्हणाला.

"आली."

मी झबलं काढलं. एका हातानं काढलं, कारण दुसऱ्या हातानं पर्सचं तोंड दाबून धरलं होतं. काकू म्हणाली, "अव माय, पर्स ठेव नं खुटीले. मोकळी हो. कोण नेते तुई पर्स?"

"राहू दे काकू."

"काहून? आन इकडं," म्हणत तिनं पट्ट्याला हात घातला. मी मागं सरकले.

"माय, ताईले जबरदस्ती नोको करू," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तिची पर्स तिच्यापाशीच राहू दे." आणि पातेलं खाली ठेवून तो बाहेर ओट्यावर गेला.

त्याला कळलं होतं. त्या खोलीतल्या एकूणएक बाईला कळलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की रिकामं आहे ते, गोळ्या वेगळ्या आहेत, मला नकोच होतं. पण बारशात असं काय सांगायचं? आणि कोणत्या तोंडानं? भावजयीनं लेकराला पाळण्यात ठेवलं. ठेवताना तिनं पर्सकडे पाहिलं आणि लेकराच्या छातीवर हात ठेवला. तो हात तिनं मग काढलाच नाही.

गाणं झालं. काकू म्हणाली, "सांग बाई नाव."

मी वाकले. वाकताना पर्स खांद्यावरून घसरली आणि पाळण्याच्या लाकडावर आपटली. ठक्क असा आवाज झाला. झबल्या-टोपड्याचा असा आवाज होत नाही. पोरगी दचकली, पण रडली नाही. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. भुवया आमच्या होत्या. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रस्ताभर मनात घोळवत आणलेलं नाव.

आणि तशीच थांबले. पाठ वर करून. आता मागून गुद्दे पडायचे असतात, बाया हसायच्या असतात, कोणी तरी जोरात हाणायचं असतं आणि आत्यानं "अगं मेले" म्हणून ओरडायचं असतं. पर्स एका हातानं पोटाशी धरून मी वाट पाहत राहिले. बाहेर ओट्यावर भाऊ खाकरला. माझ्या मागं खोली भरून बाया उभ्या होत्या.

कोणी माझ्या पाठीला हात लावला नाही.