बांधलेलं का सुटं?

कुठलंही पुस्तक हाती आलं की दादा ते उघडत नसत. पाठीला धरून उलटं लटकवत आणि जाळं झटकावं तसं झटकत. मग वाकून बघत, खाली काही पडलं का. "बांधलेलं का सुटं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो विचारताना ते पुस्तकाकडे नाही, आपल्या तोंडाकडे बघत.

बोईसरच्या एका छापखान्यात मी रंग तपासायला होते. तिथे परदेशातल्या शाळांसाठी ॲटलास छापले जात आणि ते बोटीवर चढण्याआधीची कस्टमची कागदपत्रं दादांकडे असत. कस्टमच्या लेखी नकाशे पुस्तकासारखे बांधलेले असले तर त्यांचा क्रमांक एक, सुटे असले तर दुसरा. क्रमांक चुकला की माल बंदरात अडकतो. तुमच्याही कचेरीत असा एक जण असेल, ज्याला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. आमच्याकडे त्याला त्याचाच पगार होता.

पण त्यांचा संशय पुस्तकांपुरता नव्हता. चहा लवकर आला की, "सकाळचा तर नाय?" ट्रकवाला "हो जाएगा" म्हणाला की ते टायर बघून येत. "हो जाएगा म्हनतो, म्हंजे कायतरी झालेलं हाय." जवळच्याच दांडी गावात, कोळ्याच्या घरात जन्मूनही ते होडीत पाय ठेवत नसत. त्यांना बोट लागायची. "दर्याचा काय भरवसा," असं म्हणून पोटाचा दोष ते दर्यावर ढकलत.

एकदा आफ्रिकेला जाणाऱ्या ॲटलासच्या मागच्या कप्प्यात घडीचा एक मोठा नकाशा घातला होता. दादांनी झटकलं, नकाशा खाली पडला.

"हा सुटा हाय."

कंटेनर दारात उभा होता. मॅनेजरसाहेब वैतागले. "अहो, पुस्तकाबरोबरच जातोय ना तो?"

"बरोबर जातं ते सगळं बांधलेलं नसतं, सायेब."

शेवटी प्रत्येक नकाशाची कड आतल्या पुठ्ठ्याला चिकटवावी लागली. दादांनी पुन्हा झटकलं. नकाशा लोंबकळला, पण पडला नाही, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. असा माल बंदरातून पार झाला की ते फोन ठेवून एकच शब्द बोलत, "सुटला." तो ऐकला की आम्ही चहा मागवायचो.

मग आम्हालाच त्यांचा संशय येऊ लागला. भिंग घेऊन देशाची हद्द तपासणं हे त्यांचं कामच होतं, कारण रेघ केसभर चुकली तरी नकाशा अडवतात. पण हल्ली त्यांचं भिंग कच्छच्या खाली, नुसत्या निळ्या पाण्यावर फिरत असे. छपाईत वाया गेलेले ताव ते पिशवीत घालून घरी नेत, तेही अरबी समुद्राचेच. शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र. नकाशा आणि भिंग घेऊन बसणारा माणूस आमच्या भागात फार दिवस साधा राहत नाही. कुणीतरी साहेबांचे कान भरले आणि संध्याकाळी वॉचमनने गेटवर दादांची पिशवी मागितली. दादांनी ती स्वतःच उलटी धरली आणि झटकली. डबा, छत्री आणि निळे ताव खाली पडले.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ताव खरंच वाया गेलेले आहेत का, हे सांगायला मलाही. "समुद्राचं काय करता?" त्यांनी विचारलं.

"रेघ शोधतो." दादांनी माझ्याकडे एकदा बघून घेतलं. "माजा बारका भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. म्हावऱ्यामागं पाकिस्तानच्या हद्दीत गेले म्हनून पकडलं त्यांना. तिकडं जेलात हाय. आई रोज इचारते, माजा पोर कुटं चुकला ते दाखव. जमिनीवरची रेघ आपन केसभर हलू देत नाय. पान्यात तर रेघच छापत नाय, सायेब. मंग त्याला ती दिसनार कशी?"

साहेब उठले आणि टेबलावरचे ताव गोळा करून स्वतः त्यांच्या पिशवीत घालू लागले. एक ताव मी उचलून दिला. तो निळा रंग रोज मीच पास करत होते, आणि मला त्यात कधी काही चुकीचं दिसलं नव्हतं.

बऱ्याच काळाने बातमी आली की काही खलाशांना सोडताहेत. दादांना पटेना. "ऐकीव हाय," म्हणाले, पण रजा टाकून बडोद्याला निघाले. सोडलेली माणसं तिथे उतरणार होती. जाताना मला बजावून गेले, न्हावाशेव्याला आपला माल अडकलाय, तिकडे लक्ष ठेव.

दुपारी त्यांचा फोन आला. "सुटला."

"कुठला दादा, न्हावाशेव्याचा?"

पलीकडे स्टेशनचा गोंगाट होता. "नाय गो. माजा." मग म्हणाले, "तोच हाय. लहानपनी अंगठ्यात गळ घुसलेला, ती खूण बघून घेतली."

त्यानंतर दादा कामावर आले नाहीत. न राहवून मी दांडीला गेले, तेव्हा कारण कळलं. बारक्याला दर्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि आता किनारा दिसेनासा झाला की त्याचे हातपाय कापत. रेघ ओलांडली का, असं तो सारखा विचारी. बाकीचे नाही म्हणाले तर त्याला खरं वाटत नसे. दादा म्हणाले तरच वाटे.

बोट निघायच्या तयारीत होती. दादा कडेला बसून लिंबू हुंगत होते.

"बोट लागायची थांबली?" मी विचारलं.

"कुटची? रोज ओकतो." त्यांनी हळूच बारक्याकडे बघितलं. "पन मी नसलो तर त्याला कोन सांगनार, अजून आपल्यातच हाय म्हनून?"

कुणीतरी दोर सोडला आणि बोट सुटली. बारका पुढे बघत उभा होता. दादांनी एका हातात लिंबू धरलं होतं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत त्याच्या सदऱ्याचं टोक.