लांब्याला विचारायला बालेवाडीला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. टीव्हीवर कबड्डी, मध्ये परात, एका बाजूला मी आणि एका बाजूला शकुंतला. ती दाणे परातीत टाकायची, मी तोंडात टाकायचो. तिचं लक्ष मटारवर नव्हतंच, लांब्यावर होतं. लांब्या म्हणजे तिचा आवडता खेळाडू. त्याचं खरं नाव टीव्हीवाले घसा फुटेस्तोवर घ्यायचे, पण ही त्याला लांब्याच म्हणायची, जसा काय हिच्या माहेरचा.

सामन्याची शेवटची चढाई होती. लांब्याचा संघ एका गुणाने पुढे. समोरचा गडी चढाईला आला, लांब्या पळायला वळला, आणि परत जाता जाता त्या गड्याचा हात लांब्याच्या पाठीला लागला. मला दिसला, पंचाला दिसला नाही. गडी ओरडला, पंचाने मान हलवली, शिट्टी झाली, लांब्याचा संघ नाचायला लागला.

"लागला हात," मी म्हटलं.

"नाही लागला," शकुंतला म्हणाली.

"पाठीला लागला. चोर आहे तुझा लांब्या."

"लागला असता तर हात वर करून बाहेर गेला असता. तसला नाही तो."

ज्यांनी कबड्डी खेळलेली नाही त्यांना हे सांगावं लागेल. मी खडकीला कारखान्यात होतो तेव्हा क्वार्टरमागच्या मैदानावर आमचा खेळ चालायचा. पंच म्हणून जो रिकामा सापडेल तो. कधी चहावाला, कधी कुणाचा मेव्हणा. त्याला काय डोंबल दिसणार? म्हणून पद्धतच अशी होती की ज्याला हात लागला त्याने आपण होऊन हात वर करायचा आणि रेषेबाहेर जाऊन बसायचं. जो जाणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी डबा खाताना कुणी शेजारी बसू द्यायचं नाही. शकुंतला त्या मैदानाच्या कडेला धुणं वाळत घालता घालता कबड्डी शिकली. तिला वाटायचं, टीव्हीतली माणसंही तशीच असणार.

जेवतानाही आम्ही भांडलो. उसळ चांगली झाली होती. ते बोललो नाही, भांडण चालू होतं ना. सकाळी उठवायला गेलो तर ती गेलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. याबद्दल मी यापुढे काही लिहिणार नाही. पण भांडण अर्धं राहिलं, आणि अर्ध्या भांडणाचं काय करायचं हे मला कुणी सांगेना.

माझा मुलगा सचिन हिंजवडीत कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. रिप्ले बघू ना." त्याने मोबाईलवर तो क्षण काढला. नेमका हात लागायची जागा आली की पंचाची पाठ मध्ये. मागे घेतलं, हळू केलं, मोठं केलं. पाठ मोठी झाली. म्हणजे जगात खरं माहीत असलेला एकच माणूस उरला, तो म्हणजे लांब्या. यंदा त्याचा संघ बालेवाडीला खेळायला आला तेव्हा मी सचिनला तिकीट काढायला लावलं. तोंडावर विचारायचं, बस्स.

आपल्या ज्येष्ठ मंडळाच्या अंकात लोक कॅनडा लिहितात, दुबई लिहितात. मी धायरीहून बालेवाडीला गेलो. वेळ जवळपास तेवढाच लागतो. मी सातवी पास आहे. शुद्धलेखन सुनेने तपासलं आहे, मतं माझी आहेत.

दुपारचं ऊन उतरायच्या आधी निघालो. धायरीहून स्वारगेटची बस. सिंहगड रस्त्यावर नवा उड्डाणपूल झाल्यापासून गर्दी आता दोन मजली झाली आहे. कंडक्टरला म्हटलं, "अहो, स्वारगेट कधी येईल?"

"ते आलेलंच आहे आजोबा. आपणच पोचत नाही आहोत."

स्वारगेटला भुयारी मेट्रो. सरकत्या जिन्याने इतकं खाली नेलं की वाटलं, आता पाणी लागणार. गाडी मात्र झकास. एका कॉलेजच्या मुलीने उठून जागा दिली.

"आजोबा, बसा ना प्लीज. कुठे चाललात?"

"बालेवाडीला. कबड्डीला."

"वॉव! कुणाचे फॅन आहात?"

"कुणाचा नाही. एका खेळाडूला जाब विचारायचाय."

"सो क्यूट!" ती म्हणाली.

आयुष्यात मी पुष्कळांना जाब विचारले, पण क्यूट पहिल्यांदाच ठरलो.

शिवाजीनगरला वर आलो तर भूक लागली. एका जुन्या हॉटेलात शिरलो. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. विचारलं, "बटाटवडा गरम आहे का?"

"सकाळी होता," त्यांनी पेपरातूनच सांगितलं.

"आता?"

"आता तुम्ही आलात."

गार वडा खाल्ला. चव चांगली होती, हे मुद्दाम सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असल्याचं तोंडावर दिसत होतं. पुढे औंध, बाणेर करत दुसऱ्या बसने बालेवाडी. या बाजूला इमारतीच इतक्या उंच की त्यांच्या मानाने टेकडी बसलेली वाटते.

स्टेडियमच्या फाटकावर तपासणी. वाशिमकडचा एक रखवालदार होता. त्याने माझ्या खिशातली चंची (तंबाखूची कापडी पिशवी) काढून घेतली.

"काका, हे अंदर नाही चालत जी."

"का?"

"ऑर्डर हाय. आगपेटी, तंबाखू, नाणे, सब बाहेर."

"नाणी कशाला बाहेर?"

"लोकं खेळाडूले फेकून मारतात न."

मी म्हटलं, "मला एकालाच भेटायचंय, आणि मी हाताने मारीन." तो हसला. त्याला सगळी कथा सांगितली. मागे रांग लागली तरी त्याने ती पूर्ण ऐकली आणि म्हणाला, "चंची न्यायले या मॅच झाल्यावर. मंग पाहू." शकुंतलेच्या नावावर कामं व्हायची ती अशी.

आत गेलो तर मैदान नाहीच. गुळगुळीत रबरी गादी, वर दिवे, आणि कानठळ्या बसवणारा बाजा. आमच्या मैदानावर गुडघे फुटायचे, इथे कान फुटतात. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, तोंडाला लांब्याच्या संघाचा रंग फासलेला. मला पुठ्ठ्याचा पंखा देऊन म्हणाले, "काका, ओरडा की! आपला राजा आलाय!"

राजा आला. टीव्हीत दिसतो त्याहून लांब. पहिल्या दोन चढायांत त्याने असे काही गडी मारले की मी पंखा हलवला, लपवत नाही. शकुंतलेला माणूस नाही तरी खेळ ओळखता येत होता.

मग हळूहळू माणूस दिसायला लागला. त्यांच्यात एक नवा चढाईपटू होता. कप्तानाने त्याला चढाईला जा म्हणून खूण केली की लांब्या मध्ये घुसून स्वतःच पळायचा. एकदा त्या नव्याने दोन गडी मारून आणले. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, लांब्या बुटाची नाडी बांधत बसला. एकदा कुणी धक्काही लावला नसताना गुडघा धरून लोळला. डॉक्टर धावले, फवारा मारला, तेवढ्यात संघाला दम खायला मिळाला. हा उठून हरणासारखा पळाला. आमच्याकडे असा लोळला असता तर चहावाल्यानेच वर पाय दिला असता.

इतरांचं ठीक आहे, ते करमणुकीला आले होते. पण हा माणूस असा निघाला तर शकुंतला चुकीची ठरत होती. मला जिंकायचंय असं मी घरी सांगून आलो होतो. तिथे बसल्यावर कळलं की मी हरायला आलोय.

शेवट जवळ आला तेव्हा लांब्याचा संघ दोन गुणांनी पुढे होता. चढाई त्याची. कप्तान दोन्ही हातांनी खुणा करत होता, नुसता जा, हात हलव, परत ये. शेंबड्या पोरालाही कळेल. पण निवेदकाने बोंब मारली की लांब्याचे वैयक्तिक दहा गुण व्हायला एकच कमी आहे. झालं. हा घुसला आत, थेट कोपऱ्यात. चौघांनी धरला आणि गादीवर निजवला. तो बाहेर बसला, आणि समोरच्यांनी शेवटच्या चढाईत दोन गडी मारून सामना नेला.

सगळे हात मिळवत होते. लांब्याने त्या नव्या पोराकडे बोट दाखवून काहीतरी अर्वाच्य म्हटलं, पाण्याची बाटली लाथाडली आणि डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. माझ्या शेजारचे रंगवलेले गृहस्थ उभे राहून त्याच्या आईपासून सुरुवात करत होते. तेवढ्यात बक्षिसं सुरू झाली. दिवसातला उत्तम चढाईपटू म्हणून लांब्याचंच नाव. टॉवेल उडाला! बत्तीस दात बाहेर. केसांतून हात फिरवून फोटोला उभा. शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवत मला म्हणाले, "काही म्हणा काका, राजा तो राजाच."

फाटकावर वाशिमकर वाट बघत होता. चंची माझ्या हातात देऊन म्हणाला, "मांगच्या गेटले चला. तिकून त्यायची बस निंगते. मी काही पाह्यलं नाही."

मागच्या बाजूला पोरांचा घोळका होता. लांब्या सह्या करत, फोटो काढत पुढे सरकत होता. जवळ आला तेव्हा मी त्याचं मनगटच धरलं. म्हातारं माणूस बघून त्याने सोडवून घेतलं नाही.

"काका, सेल्फी?"

"सेल्फी नको. एक विचारायचंय. मागच्या वर्षी तुम्ही एका गुणाने जिंकलात, शेवटच्या चढाईला तुझ्या पाठीला हात लागला म्हणून तो गडी ओरडत होता. आठवतं?"

त्याने जरा आठवलं आणि खदखदून हसला. "आठवतं की! चांगली चापट बसली होती, काका. घरी जाऊन बघितलं तर वळ होता."

"मग हात वर का नाही केलास?"

"पंचाने बघितलं नाही तर मी कशाला सांगू? ते माझं काम आहे का? हात वर करत बसलो तर पुढच्या वर्षी कोण घेईल मला?"

"माझी बायको म्हणाली, लागला असता तर तू आपण होऊन गेला असतास."

"काकू लई साध्या दिसतात," तो म्हणाला. "त्यांना सांगा, जग बघा जरा."

मी खरं तर जिंकलो होतो. पण माझ्या तोंडातून निघालं, "साधी नव्हती ती. मंडईत भाजीवाले तिला बघून भाव आधीच उतरवायचे. तिला जग शिकवणारा तू कोण रे? आधी हात मिळवायला शीक."

पोरं हसली. तोही हसला, माझा खांदा दाबला आणि बसमध्ये चढला. मी 'नव्हती' म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं नाही. बरं झालं. नाहीतर त्याने तोंड पाडलं असतं, आणि मला ते खरं आहे की गुडघ्यासारखं, हे ठरवत बसावं लागलं असतं.

सचिन ऑफिसातून गाडी घेऊन आला. बायपासला गाड्या खोळंबल्या होत्या, वारज्यापर्यंत सचिन नुसता हॉर्न वाजवत होता. मग त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"लागला होता."

"म्हणजे तुम्ही बरोबर होतात, बाबा. जिंकलात."

जिंकलो. आता हे जिला "बघ, म्हटलं होतं ना" असं म्हणायचं, ती कुठे होती? कबड्डीत समोरचे सगळे गडी बाद केले तर ते पुन्हा उठून आत येतात, खेळ पुढे चालतो. ते तसे येतात म्हणून जिंकायला मजा असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बाकावर जाऊन बसलो. तिथे जोशी आले. जोशी म्हणजे आमच्या इमारतीतले निवृत्त कारकून. या प्रकरणात बायका सगळ्या शकुंतलेच्या बाजूच्या होत्या आणि माझ्या बाजूला हे एकटेच. सचिनने त्यांना लिफ्टमध्ये सांगून टाकलं होतं.

"अभिनंदन!" जोशी म्हणाले. "आपलंच खरं निघालं. मी म्हणतच होतो, लबाड माणूस. वहिनी भोळ्या, त्यांना काय कळणार?"

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "नाही लागला हात."

जोशींनी चष्मा काढला. "अहो, त्याने स्वतः आपल्याजवळ कबूल केलं ना?"

"तो एक नंबरचा खोटारडा आहे. काल मी स्वतः बघून आलोय. अशा माणसाच्या बोलण्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवता?"

"पण आपणच तर वर्षभर म्हणत होतात, लागला म्हणून!"

"मला चाळिशी आहे. तिची नजर चांगली होती."

जोशी तावातावाने उठले. म्हणाले, असल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, आणि लिफ्टकडे निघाले. मीही त्यांच्यामागे लिफ्टमध्ये शिरलो. त्यांच्या मजल्यापर्यंत भांडलो, त्यांच्या दारात भांडलो. आवाज ऐकून त्यांच्या सौ. बाहेर आल्या, आम्हा दोघांना आत बसवलं आणि विचारलं, "झालं काय?"

"यांना म्हणावं, हात लागला नव्हता," मी म्हटलं.

"नव्हताच लागला," त्या म्हणाल्या. "शकुंतलाताईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. पोहे घेणार ना?"

मी हो म्हटलं, आणि जोशींकडे बघितलं. ते आतून चिडून नवा मुद्दा शोधत होते. मी मांडी घालून नीट बसलो.